पाळीव कासव रुळवणे

पाळीव कासव रुळवणे : घरी नव्याने आणलेले जमिनीवरचे कासव जागेला सरावून नियमित खाऊ लागेपर्यंत घ्यायची काळजी. हा काळ काही दिवसांचा, कधी काही आठवड्यांचा असतो. युरोपात मोठ्या प्रमाणावर पाळले जाणारे हरमन कासव (टेस्टूडो हरमनी) स्पेन, फ्रान्स, इटली आणि बाल्कन देशांतल्या झुडपी माळरानांचे रहिवासी आहे. ही नोंद मुख्यतः त्याच्याविषयी आहे. पाण्यातल्या कासवांची व्यवस्था अगदी निराळी असते.

नव्या कासवाच्या वागण्याचे एक जुने आणि नेमके वर्णन इंग्लंडमध्ये मिळते. सेलबर्न गावचे पाद्री आणि निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी मार्च १७८० मध्ये आपल्या आत्याकडचे कासव ससेक्समधून स्वतःकडे आणले. शीतनिद्रेतून उकरून काढताना ते रागाने फूत्कारले. मातीने भरलेल्या पेटीत, घोडागाडीतून त्याचा ८० मैलांचा प्रवास झाला. बागेत सोडल्यावर ते दोनदा पार बागेच्या टोकापर्यंत चालत गेले आणि संध्याकाळी गारठा पडताच मोकळ्या मातीत शिरून दिसेनासे झाले. आजही नवे कासव हेच करते : आधी कडेकडेने येरझारा, मग दडी. टिमथी या पुरुषी नावाने ओळखले गेलेले ते कासव मादी होती, हे ती मेल्यावर कळले. तिचे कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

कासव खात नाही म्हटल्यावर मालक पदार्थ बदलून पाहू लागतो. खरे तर आधी तापमापी पाहायला हवा. कासवाच्या शरीराला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. भूक आणि पचन दोन्ही बाहेरच्या तापमानावर चालतात. गार खोलीतले कासव समोर कितीही ताजा पाला असला तरी तोंड लावत नाही, आणि लावलाच तर तो आतड्यात पडून राहतो. म्हणून पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ३०° ते ३५° से. तापमानाची शेकण्याची जागा ठेवतात आणि दुसरे टोक २०° से.च्या आसपास गार राखतात, म्हणजे कासव हवे तिथे जाऊ शकते. तापमान खोलीच्या भिंतीवर नव्हे, तर कासवाच्या पाठीच्या उंचीवर मोजायचे. रात्री दिवे बंद असावेत.

ऊब मिळाली तरी प्रकाशाचा प्रश्न उरतो. सूर्यप्रकाशातल्या अतिनील-बी (यूव्ही-बी) किरणांमुळे कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होते. त्याशिवाय अन्नातले कॅल्शियम शोषले जात नाही आणि वाढत्या पिल्लाची हाडे व कवच मऊ राहतात. खिडकीची काच हे किरण जवळपास पूर्ण अडवते, त्यामुळे खिडकीतले ऊन या कामी निरुपयोगी. त्यासाठी हे किरण देणारी अतिनील-बी दिव्याची नळी लावतात. जुन्या नळीचा प्रकाश डोळ्यांना तसाच दिसत राहतो, पण किरण ओसरत जातात. म्हणून ती उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलतात.

माशांची काचेची टाकी कासवासाठी वाईट. पारदर्शक भिंत त्याला समजत नाही, ते तिला दिवसभर धडका देत राहते आणि खाणे बाजूला पडते. उथळ, उघडी लाकडी पेटी बरी. तळाशी माती-वाळूचे मिश्रण किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), इतके खोल की कासवाला त्यात पुरून घेता येईल. शिवाय लपायला कौल किंवा उलटी कुंडी. लपण्याची जागा दिली तर कासव कधी बाहेरच येणार नाही, अशी भीती अनेकांना वाटते. घडते उलटेच : आडोसा जवळ असला की ते लवकर बाहेर पडते. निव्वळ वाळू मात्र नको, खाण्याबरोबर पोटात गेली तर आतडे अडते.

पहिल्या आठवड्यात माणसाने जितके कमी करावे तितके चांगले. उचलणे, पाहुण्यांना दाखवणे, फरशीवर फिरायला सोडणे, पेटीची मांडणी पुनःपुन्हा बदलणे हे सारे टाळावे. अपवाद एकच, पाण्याचा. पसरट भांड्यात, हनुवटीपर्यंतच्या कोमट पाण्यात रोज १५-२० मिनिटे बसवले की प्रवासात कोरडे पडलेले कासव पाणी पिते, बहुधा शी करते आणि मूत्राबरोबर पांढरे युरेट (मूत्रातला घट्टसर टाकाऊ भाग) टाकते. हे युरेट पातळ पेस्टसारखे असावे. खडूसारखे घट्ट व रवाळ असल्यास शरीरात पाणी कमी आहे असे समजतात. अनेक कासवे या स्नानानंतर पहिला घास घेतात.

खाणे सकाळी, शेकून झाल्यावर ठेवतात. आधीच्या मालकाकडे काय खात होते ते विचारून सुरुवात त्यानेच करावी, बदल नंतर. हरमन कासवाचा नैसर्गिक आहार तंतुमय रानपाल्याचा : डँडेलिअन, प्लँटेन (केळे नव्हे, त्या नावाचे रानतण), क्लोव्हर, पाथरीसारखी दुधी तणे. जास्वंदीची पाने-फुले त्याला चालतात आणि बहुधा आवडतातही. लाल-पिवळ्या रंगाकडे त्याची ओढ असल्याने अडून बसलेल्या कासवासमोर पिवळे डँडेलिअनचे फूल किंवा टोमॅटोची चकती ठेवतात, पण चकती ही युक्ती आहे, आहार नव्हे. गोड फळांनी पोट बिघडते. पालकातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. पाव, दूध, कुत्र्या-मांजरांचे खाद्य पूर्ण वर्ज्य. कॅल्शियमसाठी माकुळाचे हाड, म्हणजे समुद्रफेण, पेटीत ठेवलेले पुरते.

सारे नीट असूनही कासव खात नसेल तर ऋतू पाहावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिवस लहान होऊ लागले की उबदार खोलीतले हरमन कासवही शीतनिद्रेच्या ओढीने खाणे कमी करते. दिव्यांचे तास १२ ते १४ पर्यंत वाढवल्याने बहुधा फरक पडतो. नव्या किंवा आजारी कासवाला पहिल्या हिवाळ्यात शीतनिद्रेत पाठवू नये. दोन कासवे एकत्र असतील तर दुसरे कारण संभवते. नर मादीच्या पायांना चावत, कवचावर धडका देत तिचा पिच्छा पुरवतो आणि ती खाणे सोडते. कासवाला सोबतीची गरज नसते. अंड्यावर आलेली मादीही खात नाही, जमीन उकरत राहते. साठवलेल्या शुक्रपेशींमुळे नराशिवाय वर्षांनीही असे घडू शकते.

धडधाकट प्रौढ कासव एक-दोन आठवडे न खाता सहज काढते. पिल्लाबाबत मात्र थोड्याच दिवसांत पशुवैद्याकडे जावे. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवणे हा सर्वांत विश्वासार्ह निकष. नाकातून पाणी किंवा बुडबुडे, सुजलेले डोळे, तोंड उघडून श्वास, घसरत जाणारे वजन ही आजाराची लक्षणे. विष्ठेची जंतांसाठी तपासणी करून घ्यावी, पण जंताचे औषध मनाने देऊ नये : गुराढोरांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना जीवघेणे ठरते.

भारतात कायद्याची बाजू आधी पाहावी लागते. शुभ म्हणून चोरून विकले जाणारे स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) २०२२ मधील दुरुस्तीनंतर पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. २०१९ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स करारानेही त्याला पहिल्या परिशिष्टात घातले. ते घरी ठेवणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, त्यामुळे त्याला रुळवण्याचा प्रश्नच येत नाही; सापडल्यास वन विभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. हरमनसारख्या विदेशी जाती साइट्सच्या यादीत असल्याने त्यांची नोंदणी बंधनकारक आहे.