अवजड इलेक्ट्रिक वाहनांची स्वयंचलित बॅटरी अदलाबदल

ट्रक, बस, बंदरातल्या कंटेनर वाहून नेणाऱ्या गाड्या, खाणीतले लोडर अशा मोठ्या इलेक्ट्रिक वाहनांची उतरलेली बॅटरी यंत्राने काढून तिच्या जागी भरलेली बॅटरी बसवण्याची पद्धत. हे काम साधारण तीन ते सहा मिनिटांत होते. गाडी लगेच पुढच्या खेपेला निघते आणि उतरलेली बॅटरी स्टेशनवर मागे राहून सवडीने चार्ज होते.

या पद्धतीबद्दल बोलताना ‘चार्जिंगचा वेळ वाचतो’ असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. चार्जिंगला लागायचा तेवढा वेळ लागतोच, फक्त त्या वेळात गाडी अडकून पडत नाही. वेळ गाडीच्या खात्यातून निघून बॅटरीच्या खात्यात जातो. हा हिशेब कुठे परवडतो आणि कुठे अंगावर येतो, यावर या तंत्राचे सगळे यशापयश अवलंबून आहे.

गरज

चीनमध्ये अदलाबदलीच्या ट्रकवर सर्वाधिक दिसणारी बॅटरी २८२ किलोवॅट-तासांची असते. किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट. चौकटीसकट या बॅटरीचे वजन तीन टनांच्या आसपास भरते. माल भरलेला ट्रेलर ओढणारा ट्रक किलोमीटरला दीड ते दोन युनिटे खातो, म्हणजे ही बॅटरी दीडशे किलोमीटरच्या आसपास उतरते. १५० किलोवॅटच्या चार्जरवर ती पूर्ण भरायला जवळपास दोन तास लागतात. दिवसातून तीन-चार वेळा बॅटरी उतरणारी गाडी असे दोन-दोन तास उभी राहिली तर बऱ्याच खेपा बुडाल्या.

यावर पहिला उपाय सुचतो तो दुप्पट मोठी बॅटरी बसवण्याचा. पण रस्त्यावरच्या गाडीच्या एकूण वजनाला कायद्याची मर्यादा असते, त्यामुळे बॅटरीचा वाढलेला प्रत्येक टन मालातून वजा होतो. अदलाबदलीने ही कोंडी फुटते. बॅटरी लहान ठेवायची आणि वारंवार बदलायची.

बॅटरीची जागा

बहुतेक ट्रकमध्ये बॅटरी केबिनच्या मागे, चॅसीवर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर उभ्या कपाटासारखी बसवलेली असते आणि वरून उचलली जाते. ही रचना सर्वांत सोपी, कारण वरची बाजू मोकळी असते आणि रस्त्यावरचा चिखल तिथपर्यंत पोचत नाही. मात्र गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि मालासाठीची लांबी कमी होते. चॅसीच्या दोन्ही बाजूंना किंवा पोटाखाली बॅटरी बसवली की हे दोष जातात, पण मग धूळ, खडे आणि पाणी यांपासून जोडणी सांभाळावी लागते. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर छपरावर बॅटरी असलेल्या बस वापरल्या गेल्या. तिथे स्टेशनचे यंत्र वरूनच बॅटरी बदलत असे.

एक अदलाबदल, जवळून

गाडी स्टेशनच्या गाळ्यात शिरते. चाके ठरलेल्या जागी थांबावीत म्हणून जमिनीवर खाचा किंवा उंचवटे केलेले असतात. कॅमेरा गाडीचा नंबर वाचतो आणि बिनतारी संपर्काने स्टेशन गाडीशी बोलू लागते. ड्रायव्हर हँडब्रेक लावतो, मोटारीचा वीजपुरवठा बंद करतो आणि केबिनमध्येच बसून राहतो. कितीही सराव झाला तरी दोन वेळा गाडी नेमकी एकाच जागी उभी राहत नाही. कधी चार सेंटीमीटर पुढे, कधी किंचित तिरकी. म्हणून लेझर संवेदक बॅटरीच्या चौकटीचे कोपरे शोधतात आणि क्रेन स्वतःला त्याप्रमाणे सरकवून घेते.

क्रेनची पकड खाली येते, चार कोपऱ्यांत अडकते, गाडीवरची कुलपे उघडतात आणि बॅटरी उचलली जाते. त्या क्षणी घडणारी एक गोष्ट या तंत्राची खरी परीक्षा घेते. तीन टनांचा भार एकदम उतरल्यामुळे गाडीचे पाटे (स्प्रिंग) मोकळे होतात आणि चॅसी वर उसळते. ड्रायव्हरला ते बसल्या जागी जाणवते. म्हणजे नवी बॅटरी खाली येते तेव्हा गाडी आधी मोजलेल्या उंचीवर नसते. एखाद्या टायरमध्ये हवा कमी असेल तर ती एका अंगाला कललेलीही असते. नवा भार टेकू लागला की चॅसी पुन्हा हळूहळू दबते. अशा हलत्या पाटावर शेकडो अँपिअरची जोडणी मिलिमीटरच्या अचूकतेने जुळवायची असते.

यावरचा उपाय साधा आणि देखणा आहे. गाडीवरच्या चौकटीत शंकूच्या आकाराच्या खुंट्या असतात. बॅटरीच्या तळाची भोके त्यांवर बसताना घसरत आपोआप मध्यावर येतात. विजेचा कनेक्टरही घट्ट न आवळता थोडा हलता ठेवलेला असतो. आधी खुंट्या बसतात, त्या जागा ठरवतात आणि मगच कनेक्टर टेकतो. क्रेनचा मेंदू कितीही हुशार असला तरी शेवटचे काही मिलिमीटर या लोखंडी खुंट्याच सांभाळतात.

रोज चार वेळा बॅटरी बदलणाऱ्या गाडीत ही जोडणी वर्षाला हजाराहून जास्त वेळा सुटते आणि जुळते. संपर्काच्या जागी धूळ बसली किंवा झीज झाली की विद्युतरोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते. त्यामुळे कनेक्टर ही ठरावीक काळाने बदलण्याचीच वस्तू मानली जाते. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पाण्याचा प्रश्न आणखी नाजूक आहे. प्रत्येक अदलाबदलीत नळी सोडायची म्हटली तर गळती आलीच. यासाठी अनेक रचनांमध्ये पंप आणि थंड करणारे यंत्र बॅटरीच्या चौकटीतच बसवतात. मग गाडी आणि बॅटरी यांच्यात फक्त तारा उरतात.

नवी बॅटरी बसल्यावर कुलपे लागल्याची खात्री होते, विजेची कुठे गळती नाही ना हे तपासले जाते, बॅटरी आपला क्रमांक, तापमान आणि किती भरलेली आहे ते गाडीला सांगते. एवढे झाल्यावर पुरवठा सुरू होतो.

स्टेशनचा हिशेब

ट्रकच्या स्टेशनची एक रूढ मांडणी आठ खणांची आणि सात बॅटऱ्यांची आहे. आठवा खण रिकामाच ठेवावा लागतो, कारण गाडीवरून काढलेली बॅटरी आधी कुठेतरी टेकवल्याशिवाय क्रेनला भरलेली बॅटरी उचलता येत नाही.

आता गणित करून पाहावे. क्रेन पाच मिनिटांत एक गाडी मोकळी करते, म्हणजे तासाला बारा. बॅटरी भरायला एक तास लागतो असे धरले तर सात बॅटऱ्यांतून तासाला सातच गाड्या निघतील. सकाळच्या पाळीला दहा ट्रक एकदम आले तर आठव्याला भरलेली बॅटरी तयार होईपर्यंत थांबावे लागते आणि पाच मिनिटांचे आश्वासन तिथेच विरते. बॅटऱ्या वाढवता येतात, पण वीज कुठून आणायची? २८२ युनिटांच्या सात बॅटऱ्या तासाभरात भरायच्या म्हणजे जवळपास दोन मेगावॅटची, म्हणजे दोन हजार किलोवॅटची जोडणी लागते. स्टेशनची मर्यादा क्रेन ठरवत नाही, बाहेरचा ट्रान्सफॉर्मर ठरवतो.

याच रचनेचा फायदाही आहे. गाड्यांची वर्दळ नसते तेव्हा, विजेला मागणी कमी असताना बॅटऱ्या भरता येतात. पाऊण-एक तासात भरलेली बॅटरी पंधरा मिनिटांत कोंबून भरलेल्या बॅटरीपेक्षा कमी तापते आणि जास्त टिकते. सगळ्या बॅटऱ्या एकाच छताखाली येत असल्याने कोणती अशक्त होत चालली आहे तेही लवकर कळते.

इतिहास

कल्पना नवी नाही. १८९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मॉरिस आणि सॅलम यांच्या इलेक्ट्रिक टॅक्सी सुरू झाल्या. त्यांच्या शिसे-आम्लाच्या जड बॅटऱ्या गॅरेजमध्ये यंत्राच्या साहाय्याने बदलल्या जात. ट्रकच्या बाबतीत पहिले मोठे उदाहरण अमेरिकेतल्याच हार्टफर्ड शहराचे. १९१० नंतर तिथल्या वीज कंपनीने अशी सोय केली की ग्राहकाने ट्रक बॅटरीविना विकत घ्यायचा आणि बॅटरी कंपनीची वापरायची. पैसे धावलेल्या मैलांवर, शिवाय देखभालीसाठी दरमहा रक्कम. ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तिच्यातल्या गाड्या एकूण साठ लाखांहून अधिक मैल धावल्या. बॅटरीची मालकी गाडीपासून वेगळी करण्याचा आज जो व्यवहार नवा म्हणून सांगितला जातो, तो शंभर वर्षांपूर्वी रोकडा चालत होता. पुढे पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्यांनी तो बाजूला सारला.

१९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीत मॅन कंपनीच्या बस शिशाची बॅटरी मागे जोडलेल्या छोट्या ट्रेलरवर घेऊन धावत आणि ती बदलली जाई. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुमारे ५० बस आणि २०१० च्या शांघाय जागतिक प्रदर्शनात त्याहून मोठा ताफा अदलाबदलीवर चालला.

मोटारगाड्यांमधला सर्वांत गाजलेला प्रयत्न ‘बेटर प्लेस’ या कंपनीचा. २००७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या स्टेशनांत बदलता येईल अशी बॅटरी प्रत्यक्षात रेनॉच्या एकाच मॉडेलमध्ये होती. खासगी मोटारीचा मालक केव्हा, कुठे जाईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून स्टेशने सगळीकडे हवीत आणि तरीही प्रत्येक स्टेशन दिवसातला बराच वेळ रिकामे. ठरलेल्या वाटेवर ये-जा करणाऱ्या ट्रकला हा तोटा लागू होत नाही. म्हणून मोटारींच्या अपयशावरून अवजड वाहनांचा निकाल लावणे चुकीचे आहे.

आजचा वापर

सर्वांत मोठा वापर चीनमध्ये आहे. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने अदलाबदलीच्या प्रयोगासाठी ११ शहरे निवडली. त्यांपैकी ईबिन, थांगशान आणि पाओथौ ही तीन खास अवजड ट्रकसाठी होती. थांगशान आणि पाओथौ ही पोलादाची गावे. कच्चा माल कारखान्यात आणि पोलाद बाहेर, असा तोच रस्ता, त्याच गाड्या, दिवस-रात्र. २०२२ मध्ये चीनमध्ये विकल्या गेलेल्या नव्या इलेक्ट्रिक अवजड ट्रकपैकी जवळपास निम्मे अदलाबदलीचे होते.

बंदरांमध्ये ही पद्धत पूर्ण स्वयंचलित झाली, कारण तिथे गाडीतही माणूस नाही. हॅम्बुर्गच्या आल्टनवेर्डर टर्मिनलवर आणि पुढे रॉटरडॅमच्या मासव्लाक्टे २ वर कंटेनर वाहणाऱ्या चालकविरहित गाड्या बॅटरी उतरत आली की स्वतःच स्टेशनकडे वळू लागल्या आणि यंत्रमानव बॅटरी बदलून देऊ लागला.

जमिनीखालच्या खाणीत अडचण उलटी आहे. बोगद्यात उंच क्रेन उभारायला जागा नसते. तिथे सँडविक कंपनीच्या लोडरमध्ये यंत्र स्वतःच आपली बॅटरी जमिनीवर उतरवून ठेवते, बाजूला होते आणि भरलेली बॅटरी उचलून घेते. खाणीत डिझेलचा धूर बाहेर काढण्यासाठी प्रचंड पंखे चालवावे लागतात, त्यामुळे इलेक्ट्रिक यंत्राचा फायदा तिथे दुहेरी असतो. ऑस्ट्रेलियात जुन्या डिझेल ट्रकचे रूपांतर करून बाजूंना बसवलेल्या बॅटऱ्या फोर्कलिफ्टने बदलतात. ते चार-पाच मिनिटांतच होते, पण माणसाच्या हातून. हाच विचार पाण्यावरही गेला आहे. नेदरलँड्समध्ये २०२१ पासून ‘अल्फेनार’ हे मालवाहू जहाज कंटेनरच्या आकाराच्या बॅटऱ्या बदलत कालव्यांतून चालते.

अडचणी

प्रत्येक उत्पादकाची बॅटरी, खुंट्या, कनेक्टर आणि संदेशांची भाषा वेगळी असेल तर एका कंपनीच्या स्टेशनवर दुसरीचा ट्रक निरुपयोगी. सीएटीएल या बॅटऱ्या बनवणाऱ्या चिनी कंपनीने २०२३ मध्ये १७१ किलोवॅट-तासांचा एक ठोकळा ठरवून गरजेप्रमाणे एक ते तीन ठोकळे बसवण्याची पद्धत आणली. तिने प्रश्न हलका होतो, पण ट्रक बनवणाऱ्यांनी चॅसीत तेवढी जागा ठेवली तरच.

दुसरी अडचण भांडवलाची. गाड्यांपेक्षा बॅटऱ्या जास्त घ्याव्या लागतात आणि बॅटरी हाच सर्वांत महाग भाग. म्हणून वेगळी कंपनी बॅटऱ्यांची मालक होते आणि वाहतूकदार वापरलेल्या युनिटांचे पैसे देतो. नवी बॅटरी देऊन जुनी हाती आली, ही तक्रारही या व्यवस्थेतच मिटते, कारण पैसे अंतराचे किंवा युनिटांचे असतात, बॅटरीच्या वयाचे नाहीत.

तिसरी भीती आगीची. दोन हजार युनिटांचा साठा एका खोलीत असतो. प्रत्येक खणात तापमान आणि धुराचे संवेदक ठेवतात, लवकर पेट न घेणारी लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी वापरतात आणि संशयित बॅटरी क्रेनने उचलून बाहेर किंवा पाण्याच्या खड्ड्यात नेण्याची सोय करतात.

मर्यादा आणि जागेची निवड

जलद चार्जिंग हा या पद्धतीचा खरा प्रतिस्पर्धी आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेली मेगावॅट चार्जिंग प्रणाली ३.७५ मेगावॅटपर्यंत वीज देण्याच्या दृष्टीने आखली आहे. लांब पल्ल्याच्या ट्रकला ड्रायव्हरच्या सक्तीच्या विश्रांतीत असे चार्जिंग पुरते. त्याला अदलाबदलीचे खास प्रयोजन उरत नाही. आल्टनवेर्डरमध्येही शिशाच्या जागी लिथियम बॅटऱ्या आल्यावर गाड्या बॅटरी न काढता कामाच्या मधल्या वेळात चार्जिंगला लागू लागल्या. ज्या गाडीला दिवसभरात असा मोकळा वेळ मिळतो तिच्यासाठी स्टेशन उभारण्याचा खर्च वायाच जातो.

गाडीची लय ओळखण्याचे सर्वांत बोलके उदाहरण डोंगरातल्या खाणीचे. माल भरलेला ट्रक उतारावरून येताना त्याची मोटार जनित्रासारखी चालते आणि बॅटरीत वीज परत भरते. स्टेशन वरच्या टोकाला बांधले तर ट्रक काठोकाठ भरलेली बॅटरी घेऊन उतरायला लागतो. परतलेली वीज घ्यायला तिच्यात जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तेच स्टेशन पायथ्याला असले की ट्रक भरलेली बॅटरी घेऊन रिकामा चढतो, वर पोचेपर्यंत बॅटरीत जागा होते आणि उतरताना ती पुन्हा बरीचशी भरते. उतार पुरेसा मोठा आणि माल पुरेसा जड असेल, तर तिथे दिवसातल्या बऱ्याच अदलाबदली टळतात.