पोट धुतलेलं पाणी आणि ‘चौथी स्टेज’ : पार्श्वभूमी

गोव्यात फोंडा-डिचोलीकडे अजूनही ऐकू येतं, ‘पोट उघडलं नि तसंच शिवलं.’ म्हणजे आत आजार पसरलेला दिसला, गाठ काढलीच नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे टाळण्यासाठी आधी दुर्बिणीने पोटात पाहण्याची पद्धत रुळली. त्याच वेळी सलाईन आत सोडून, घोळवून, परत ओढून घेतात. त्या पाण्यात सुट्या कर्कपेशी आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अंडाशयाच्या कर्करोगात हे आधीपासून होतं; स्वादुपिंडाच्या वाट्याला उशिरा आलं.

१९९१ साली बोस्टनहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्कॅनवर गाठ जागच्या जागी दिसणाऱ्या ४० रुग्णांपैकी १२ जणांच्या पाण्यात अशा पेशी सापडल्या. पोटाच्या कातडीतून सुई घालून तपासणी झालेल्यांत हे प्रमाण बरंच जास्त होतं. ‘सुई टोचली की पसरतो’ या आपल्याकडच्या धास्तीला तेवढ्यापुरता आधार मिळाला. पुढे एंडोस्कोपीतून आतड्याच्या भिंतीतून सुई घालू लागले. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याशी असेल, तर सुईची ती वाट शस्त्रक्रियेत बहुधा कापूनच निघते.

खरा घोळ नावाचा. २०१० साली लागू झालेल्या कर्करोगाच्या स्टेज ठरवणाऱ्या अमेरिकी वर्गीकरणाच्या सातव्या आवृत्तीत नुसत्या पेशी सापडल्या तरी ‘एम१’ (आजार दूर पसरलेला), म्हणजे चौथी स्टेज. यकृतभर गाठी असलेला रुग्ण आणि ज्याच्या पोटात नुसत्या डोळ्यांना काहीच दिसलं नाही असा रुग्ण एकाच रांगेत! जपानमध्ये मात्र बराच काळ ‘सीवाय१’ (पाण्यात पेशी सापडल्या) अशी वेगळी नोंद ठेवली जाई आणि काही शल्यविशारद तरीही गाठ काढत. अशा रुग्णांत आजार लवकर उलटतो, हे दोन्हीकडे मान्य होतं. तरीही बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात फाईल घेऊन निघालेल्या घरच्यांना ‘चौथी स्टेज’ या दोन शब्दांत सगळं संपल्यासारखं वाटतं. मला जपानी नोंद अधिक प्रामाणिक वाटते.

२०११ नंतर फॉल्फिरिनॉक्स आणि पाठोपाठ नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही केमोची नवी औषधं आल्यावर रांग थोडी हलली. आधी केमो द्यायची, पाणी पुन्हा तपासायचं, ते स्वच्छ निघालं तर निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेचा विचार करायचा. यावर एकमत नाही.

सूक्ष्मदर्शकही चुकतो. पोटाच्या अस्तरातल्या सुजलेल्या पेशी कर्कपेशींसारख्या दिसतात. मोजक्या खऱ्या पेशी निसटतात. म्हणून पाण्यात केरास जनुकातला बदल शोधणं सुरू झालं. स्वादुपिंडाच्या बहुतेक कर्करोगांत तो असतोच. पण सूक्ष्मदर्शक ‘नाही’ म्हणतो आणि जनुक ‘आहे’ म्हणतं, तेव्हा गाठ काढायची की नाही, हा वाद आता तिथे येऊन अडलाय.