प्राचीन खंडांची मुळे आणि भूकंपलहरी: पार्श्वभूमी

१८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करताना रिचर्ड ओल्डहॅम यांनी दूरच्या केंद्रांवरील नोंदींत प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठलहरी वेगवेगळ्या ओळखल्या, आणि १९०६ मध्ये याच लहरींच्या आधारे पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले. १९०९ मध्ये आंद्रिया मोहोरोविचिच यांनी कवच आणि प्रावरण यांमधील सीमा शोधली. या काळातील चित्रात एका खोलीवरचा खडक जगभर साधारण सारखाच मानला जात असे. थर ओळखण्यासाठी ते पुरेसे होते, मात्र अब्जावधी वर्षे टिकलेल्या खंडांखाली काही वेगळे आहे का, हा प्रश्नच त्यात उद्भवत नव्हता.

तो उद्भवला १९७० च्या दशकात. अणुचाचण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी १९६० च्या दशकात उभारलेल्या जागतिक भूकंपमापक जाळ्यामुळे एकाच प्रमाणाच्या उपकरणांवरील नोंदी जगभरातून मिळू लागल्या होत्या. महासागरांखालून आणि जुन्या खंडांखालून गेलेल्या लहरींच्या प्रवासकाळातील फरक पाहून टॉमस जॉर्डन यांनी १९७५ मध्ये असे मांडले, की खंडांना खोल मुळे, म्हणजे खाली प्रावरणात गेलेले खडकाचे जाड भाग, असून ती खंडांसोबतच सरकतात. त्यांनी सुचवलेली ४०० किलोमीटरांहून अधिक खोली पुढे टिकली नाही. आज बहुतेक अंदाज २०० ते २५० किलोमीटरांच्या आसपास आहेत. तरीही त्या मांडणीचे खरे मोल तिने पुढे आणलेल्या कोड्यात आहे, असे मला वाटते. या मुळांतून लहरी वेगाने जातात, म्हणजे खडक थंड आहे. थंड खडक जड असतो, मग तो खाली का बुडाला नाही?

जॉर्डन यांचे उत्तर रसायनात होते. प्राचीन काळी या खडकातून मोठ्या प्रमाणावर वितळलेला द्रव निघून गेला आणि त्याबरोबर लोहाचे प्रमाण घटले, त्यामुळे उरलेला खडक मुळातच हलका झाला. थंडपणाने वाढणारी घनता या हलकेपणाने भरून निघते. याला स्वतंत्र आधार मिळाला तो दक्षिण आफ्रिकेतील किम्बरलाइटने (खोलातून ज्वालामुखीद्वारे वर येणाऱ्या खडकाने) खोलातून वर आणलेल्या प्रावरणाच्या तुकड्यांतून. ज्या खडकाविषयी लहरींवरून केवळ अनुमान करावे लागत होते, तो इथे प्रत्यक्ष हातात घेता येत होता.

त्यानंतर भूकंपीय टोमोग्राफीने असंख्य लहरींच्या मार्गांवरून त्रिमितीय वेगचित्रे काढणे शक्य केले. १९९७ ते १९९९ या काळात दक्षिण आफ्रिकेच्या परिसरात ऐंशीच्या आसपास ठिकाणी तात्पुरती उपकरणे बसवण्यात आली, आणि तेथील कापवाल क्रेटॉनखाली (क्रेटॉन म्हणजे खंडाचा अतिप्राचीन, स्थिर भाग) किमान २०० किलोमीटरांपर्यंत वेगवान खडक असल्याचे दिसले.

मुळांचा तळ नेमका कोठे आहे, यावर मात्र एकमत नाही. पृष्ठलहरींना वेगातील बदल हळूहळू होणारा दिसतो. भूकंपमापन केंद्राखालच्या सीमांवर एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात रूपांतरित होणाऱ्या लहरी अचानक होणारे बदल चांगले टिपतात, आणि अनेक क्रेटॉनांखाली त्यांना असा बदल साधारण १०० किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे मुळाच्या मध्यावरच सापडतो.