चाक ‘एम’वर फिरवताना
नव्या कॅमेऱ्यासोबत ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पहिला कॅमेरा घरी नेल्यावर काही दिवस हिरव्या ऑटोवर मजेत फोटो निघतात. मग कधीतरी ग्राहक दुकानात येऊन विचारतात, “एवढे पैसे घातले, पण फोटो मोबाइलसारखेच येतात. ते मॅन्युअल कसं वापरायचं?” हा कागद त्यांच्यासाठी. कॅमेरा कॅननचा असो, निकॉनचा किंवा सोनीचा, बटणांच्या जागा बदलतात. उजेडाचा हिशेब तोच राहतो.

सुरुवातीला चाक ‘एम’वर, म्हणजे मॅन्युअलवर, आणा आणि मेनूत जाऊन ऑटो आयएसओ बंद करा. आयएसओ म्हणजे फोटो किती उजळ करायचा त्याचा आकडा. “एमवर आकडे बदलतोय, पण फोटो तेवढाच उजळ येतोय” ही तक्रार आमच्याकडे वारंवार येते आणि बहुतेक वेळा कारण हेच असतं. तुम्ही उजेड कमी केला की कॅमेरा गुपचूप आयएसओ वाढवून तो भरून काढतो. निकॉनच्या बऱ्याच मॉडेलवर आयएसओचा आकडा निवडला तरी ऑटोचं बटण मेनूत वेगळं चालूच राहतं, तेही बघा. आणि आकडे बदलायला कॅमेऱ्याला एकच चाक असेल तर घाबरू नका. चाक नुसतं फिरवलं की सहसा शटर बदलतं. अधिक-उणे चिन्हाचं बटण दाबून धरून फिरवलं की अ‍ॅपर्चर.

आता आकडे. शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येतो: १/१२५ म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं आहे. इथे आकडा लहान तर भोक मोठं, हे सुरुवातीला उलटं वाटतं. आयएसओ वाढवला की फोटो उजळतो, पण दाणे येतात. अ‍ॅपर्चरच्या २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या ओळीत उजवीकडे एक पाऊल सरकलात की उजेड निम्मा होतो. शटर १/६० वरून १/१२५ वर नेलं तरी निम्माच होतो. म्हणजे एकीकडे घटवलेलं दुसरीकडे वाढवून भरून काढता येतं. मॅन्युअलचा सगळा खेळ एवढाच आहे, आणि तो वाचून नव्हे, हाताने करूनच कळतो.

म्हणून घरीच एक प्रयोग करा. सकाळी खिडकीजवळच्या स्टुलावर पितळेचा तांब्या ठेवा. सोबतची १८-५५ लेन्स झूम फिरवून ५५ वर न्या, आयएसओ ४०० ठेवा, अ‍ॅपर्चर ५.६. व्ह्यूफाइंडरमधल्या मोजपट्टीचा काटा शून्यावर येईपर्यंत शटर बदला. समजा ते १/१२५ वर थांबलं. फोटो काढा. आता अ‍ॅपर्चर १६ करा. तीन पावलं उजेड गेला, म्हणून शटरही तीन पावलं सावकाश लागेल: १/६०, १/३०, १/१५. पुन्हा काढा आणि दोन्ही फोटो मोठे करून बघा. पहिल्यात मागचा पडदा धूसर आहे, तांब्याचा काठ तेवढा स्वच्छ. दुसऱ्यात पडद्याची नक्षीही दिसते, पण तांब्याच्या काठाला दुहेरी कड आली असेल, कारण १/१५ ला हात हलतो. कॅमेरा पुस्तकांच्या चवडीवर टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून तोच फोटो परत घ्या, कड जाईल. या तीन फोटोंत बरंच काही शिकून होतं.

याच लेन्सची एक खोड माहीत असू द्या. १८ वर ती ३.५ पर्यंत उघडते, ५५ वर फक्त ५.६ पर्यंत. १८ वर ३.५ लावून झूम केलंत तर एमवर फोटो आपोआप काळवंडतो. आधीच ५.६ लावून ठेवा, मग हवं तिकडे झूम करा.

मोजपट्टी शून्यावर आणली म्हणजे फोटो बरोबर, असं मात्र धरू नका. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. जे असेल ते मध्यम करड्या उजेडाचं करायचं, एवढंच त्याला माहीत असतं. पांढऱ्या सदऱ्यातल्या वारकऱ्याचा फोटो फ्रेमभर घेतलात तर सदरा मळकट येतो. हेमाडपंती देवळाचा काळा दगड घेतलात तर तो राखेसारखा फिकट. पांढऱ्यासाठी काटा अधिक एकच्या आसपास न्या, काळ्यासाठी उणे एकच्या. मीटर न बघता सराव करायचा असेल तर हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात, दुपारी, आयएसओ १०० वर अ‍ॅपर्चर १६ आणि शटर १/१२५ लावा. फिल्मच्या काळापासून चालत आलेलं हे माप आजही चालतं. तेवढाच उजेड ८ आणि १/५०० वरही मिळतो.

एमचा खरा उपयोग कुठे, तर शाळेच्या स्नेहसंमेलनात. मागे काळा पडदा, पुढे दिव्याखाली मूल. ऑटोवर मीटर पडद्याला भुलतं, सगळंच उजळवायला जातं आणि चेहरा पांढराफटक होतो. वर फ्लॅश उघडतो तो वेगळाच. रंगमंचावरचा उजेड स्थिर असेल तर एम लावा. पहिल्या कार्यक्रमातच, आपलं मूल येण्याआधी, दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर माप ठरवून घ्या: आयएसओ ३२००, अ‍ॅपर्चर ५.६, शटर १/२५० पासून सुरुवात. काढलेला फोटो बघताना चेहऱ्यावरचा उजळ भाग पडद्यावर लुकलुकत असेल, म्हणजे तो जास्तच पांढरा झाला असेल, तर आयएसओ १६०० करा. मग मूल नाचत कुठेही गेलं, मागचा पडदा कितीही दिसला, तरी चेहरा तसाच राहतो. आयएसओ वाढवायला कचरू नका. दाणेदार फोटो अल्बममध्ये लावता येतो, हललेला नाही.

फोटोत आडवे काळे पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे अनेक ट्यूब आणि एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, वेगवान शटर मात्र ते पकडतं. सायलेंट शटर (आवाज न करता फोटो काढण्याची सोय) बंद करा आणि १/१०० वर या. नाच हलेल खरा, पण प्रत्येक नाचात क्षणभर थांबण्याची जागा असते, तिथे बटण दाबा.

बाकी ठिकाणी एमचा हट्ट नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. ढगांची ये-जा सुरू आहे, मिरवणूक उन्हातून सावलीत जाते आहे, अशा वेळी अ‍ॅपर्चरचा मोड लावा. कॅननवर तो एव्ही, निकॉन आणि सोनीवर ए. अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा सांभाळतो. लग्नकार्यात तर पहिल्यांदा एम वापरून बघूच नका. वरमाला परत घालायला कुणी थांबत नाही.

बिघडलेले फोटो पुसू नका. प्रत्येक फोटोत शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ नोंदलेले असतात आणि कुठे चुकलं ते त्यावरूनच सांगता येतं. कार्ड तसंच घेऊन दुकानात या, आपण सोबत बसून बघू. त्याचे पैसे लागत नाहीत. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गर्दी कमी असते. येताना बॅटरी चार्ज करून आणा आणि जी लेन्स वापरली तीच लावून आणा.