आर्थर रसेल : चेलोवाला डिस्कोत कसा पोचला

2016 ला रॅपर कान्ये वेस्टच्या '30 अवर्स' गाण्यात आर्थर रसेलचा आवाज सॅम्पल झाला, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा उचलून वापरला, तेव्हा कोण हा बुवा म्हणून शोधायला गेलेल्यांना एक चेलोवादक (चेलो म्हणजे गजाने वाजवायचं, व्हायोलिनचं थोरलं भावंड) सापडला, तोही 1992 मध्येच वारलेला. डिस्कोवाले त्याला आपला म्हणतात, अवांगार्द म्हणजे प्रयोगशील संगीतवाले आपला म्हणतात, फोकवाले पण. हे सगळं एकाच माणसात कुठनं आलं ते बघायला जरा मागे जावं लागतं.

जन्म 1951, आयोवातलं ऑस्कलूसा, म्हणजे मक्याच्या शेतांतलं छोटं गाव. लहानपणापासून चेलो, पद्धतशीर क्लासिकल शिक्षण. मग पोरगं घर सोडून सॅन फ्रान्सिस्कोला पळालं आणि एका बौद्ध कम्यूनमध्ये, म्हणजे एकत्र राहणाऱ्या समूहात, राहिलं, तिथे चेलो वाजवायची बंदी म्हणून हा कपाटात बसून रियाज करायचा असं सांगतात. त्याच काळात तो सरोदिये अली अकबर खाँच्या कॉलेजात शिकला, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्याची किल्ली इथे आहे, कारण एकच सूर धरून त्यातच फिरत राहायचं, कॉर्ड बदलायची घाई करायची नाही, हे त्याच्या डिस्कोतही ऐकू येतं. कवी अ‍ॅलन गिन्सबर्गला चेलोची साथ देणंही तिथलंच.

1973 ला न्यूयॉर्क. मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण चालू आणि लगेच 'द किचन' या प्रयोगशील अड्ड्याचा म्युझिक डायरेक्टर, आणि तिथे यानं मॉडर्न लव्हर्स हा रॉक बँड आणला. गंभीर संगीताच्या जागेत रॉक! पण खरा धक्का पुढे बसला, तो डिस्को क्लबात गेला आणि तिथेच रमला. तासन् तास चालणारा एकच ठेका, बारीक बारीक बदल... मिनिमलिस्ट, म्हणजे थोडेच सूर पुन्हा पुन्हा घोळवणारी संगीतकार मंडळी तरी वेगळं काय करत होती?

1978 चं 'किस मी अगेन' निघालं डायनोसॉर या नावाने, गिटारवर टॉकिंग हेड्स या रॉक बँडचा डेव्हिड बर्न. 1980 ला लूज जॉइंट्स या नावाने आणखी एक गाणं, ज्याचं डीजे लॅरी लेव्हानने केलेलं मिक्स पॅरडाइज गराज क्लबात गाजलं. मग डायनोसॉर एल हे नाव, त्यातल्या 'गो बँग'मध्ये ज्युलियस ईस्टमनसारखा प्रयोगशील संगीतकार ऑर्गनवर आणि ट्रॉम्बोनवर पीटर झुमो, म्हणजे किचनमधलीच माणसं डान्स फ्लोअरसाठी वाजवतायत. इकडे मिनिमलिस्ट संगीतकार फिलिप ग्लासच्या रेकॉर्ड लेबलवरून 1983 ला 'टॉवर ऑफ मीनिंग' हे ऑर्केस्ट्राचं काम. 1986 च्या 'वर्ल्ड ऑफ एको'त तर मुख्यतः गळा, चेलो आणि प्रतिध्वनी एवढंच, गजाची खरखर तशीच ठेवलेली, आणि गाणी अशी की ठेका नाहीये पण तुम्ही तो मनात धरता.

घोळ असा की दर वेळी नाव वेगळं, त्यामुळे क्लबवाल्यांना चेलो माहीत नाही आणि चेलोवाल्यांना क्लब. त्यात काम संपवायचंच नाही ही खोड, एकाच गाण्याच्या ढीगभर आवृत्त्या. एड्सने गेला तेव्हा वय 40, मागे शेकडो टेप्स.

2004 ला 'कॉलिंग आउट ऑफ कॉन्टेक्स्ट' आणि 'द वर्ल्ड ऑफ आर्थर रसेल' हे दोन्ही संग्रह आले आणि अप्रकाशित पॉप अन् जुना डिस्को एकाच नावाखाली ऐकायला मिळाला, 2008 ला त्याची फोक-कंट्री गाणीही निघाली. टेप्स अजून उपसल्या जातायत.