फुटबॉल पाठीराख्यांची चर्चा (नाशिक)

क्लबचा कारभार कसा चालावा आणि मैदानात खेळाडूने कसे वागावे, या दोन प्रश्नांवर पाठीराख्यांमध्ये सामन्याआधी, सामना चालू असताना व नंतर होणारा वादविवाद. नाशिक शहर, नाशिक रोड व देवळाली या पट्ट्यात तो मुख्यत्वे युरोपातील क्लब, इंडियन सुपर लीग (आयएसएल) आणि शालेय व जिल्हा पातळीवरचे सामने यांच्याभोवती फिरतो. नाशिकचा स्वतःचा क्लब आयएसएलमध्ये नाही. त्यामुळे येथील पाठीराखा ज्या क्लबच्या कारभारावर तावातावाने बोलतो, तो बहुधा दुसऱ्या शहराचा, पुष्कळदा दुसऱ्या खंडातला असतो. कोल्हापूरशी तुलना केली की हा फरक लगेच दिसतो. तेथे पाटाकडील तालीम मंडळ किंवा शिवाजी तरुण मंडळ हा आपल्या पेठेचाच संघ असतो आणि संघ चालवणाऱ्याला रस्त्यात गाठून जाब विचारता येतो.

पूर्वपीठिका : पश्चिम भारतात संघटित फुटबॉल ब्रिटिश पलटणींबरोबर आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मुंबईच्या रोव्हर्स चषकाचा आरंभ काही ठिकाणी १८९०, तर बहुतेक ठिकाणी १८९१ असा दिला जातो. प्रत्यक्ष स्पर्धा खेळली गेली ते वर्ष प्रमाण मानल्यास १८९१ अधिक ग्राह्य ठरते. आरंभीची चार दशके या चषकावर गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व होते. ते १९३७ मध्ये बंगळूरच्या संघाने मोडले. नाशिकजवळची देवळाली ही ब्रिटिश लष्कराची मोठी छावणी. स्वातंत्र्यानंतर तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्रही तेथेच आले. साहजिकच नाशिकच्या फुटबॉलचे मूळ छावणीत शोधण्याकडे कल असतो. दुसरे मत शाळांच्या मैदानांना महत्त्व देते : देवळालीत १९२५ पासून असलेली बार्न्स शाळा आणि १९३७ मध्ये डॉ. बा. शि. मुंजे यांनी स्थापन केलेले भोसला मिलिटरी स्कूल. कालक्रम छावणीच्या बाजूने आहे. मात्र नागरी वस्तीतल्या मुलांच्या पायात चेंडू आला तो शाळांमुळे, हे मत अधिक पटण्यासारखे आहे.

खेळाडूचे वर्तन : या विषयावरची चर्चा अखेर रेफरीच्या कार्डांपाशी (पिवळे म्हणजे ताकीद, लाल म्हणजे मैदानाबाहेर) येते, म्हणून त्यांचा उगम थोडा विस्ताराने पाहणे इष्ट. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामन्यात जर्मन रेफरींनी अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तिन याला बाहेर काढले. भाषा कळत नसल्याच्या सबबीवर तो बराच वेळ मैदान सोडेना. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना ताकीद मिळाल्याचे त्यांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून कळले, असे सांगितले जाते. रेफरींचे तत्कालीन प्रमुख केन ॲस्टन यांना त्यानंतर लंडनमध्ये गाडी चालवताना सिग्नलच्या दिव्यांवरून पिवळ्या व लाल कार्डांची कल्पना सुचली, ही प्रचलित कथा. ती स्वतः ॲस्टन यांनीच सांगितलेली असली, तरी भाषेची अडचण हेच मूळ कारण मानणे योग्य. कार्डे प्रथम १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात वापरली गेली. पहिले पिवळे कार्ड कोणाला, यावर एकमत नाही : सोव्हिएत संघाचे असातियानी व लोवचेव ही दोन्ही नावे पुढे केली जातात. त्या स्पर्धेत लाल कार्ड निघालेच नाही. विश्वचषकातील पहिले लाल कार्ड १९७४ मध्ये चिलीच्या कार्लोस काझेलीला मिळाले, याबद्दल मात्र वाद नाही.

नाशिकच्या कट्ट्यांवर सर्वांत जास्त घोळ होतो तो गोलची उघड संधी हिरावल्याच्या फाउलबद्दल. ‘शेवटचा बचावपटू होता, म्हणजे लालच’ हे वाक्य हमखास ऐकू येते. नियमात ‘शेवटचा बचावपटू’ अशी अटच नाही. गोलपासूनचे अंतर, खेळाची एकूण दिशा, चेंडू ताब्यात ठेवता येण्याची किंवा मिळवता येण्याची शक्यता आणि बचावपटूंची जागा व संख्या, अशा चार गोष्टी रेफरीने पाहायच्या असतात. २०१६ पर्यंत पेनल्टी क्षेत्रातल्या अशा फाउलला पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या सामन्याची बंदी अशी तिहेरी शिक्षा होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर, खेळाडू खरोखर चेंडू खेळायला गेला असेल तर पेनल्टीबरोबर पिवळे कार्ड पुरते. जर्सी ओढली, धरले किंवा ढकलले तर लाल कायम. मोबाइलवर रीप्ले थांबवून, बोटाने चित्र मोठे करून पाय आधी चेंडूला लागला की घोट्याला यावर भांडणाऱ्यांपैकी ज्याला ही दुरुस्ती ठाऊक असते, त्याच्यापाशी वाद बहुधा संपतो. पाठीराख्यांनी नियमपुस्तिका वाचावी असा आग्रह प्रस्तुत लेखक धरतो, तो यासाठीच. पडण्याचे सोंग आणि मुद्दाम वेळ काढणे या रडीच्या डावांवर मात्र दोन्ही बाजूंचे सहसा एकमत असते, निदान प्रतिस्पर्ध्यांबाबत. गोलरक्षकाने आठ सेकंदांहून अधिक काळ चेंडू हातात धरून ठेवल्यास प्रतिपक्षाला कॉर्नर देण्याचा नियम २०२५-२६ च्या हंगामापासून आला. आधीची मर्यादा सहा सेकंदांची होती, पण ती क्वचितच पाळली जाई.

क्लबचा कारभार : हिवाळ्यात युरोपातल्या चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने भारतात रात्री दीडला सुरू होतात. ते घरच्यांची झोप न मोडता, कानात इअरफोन घालून एकट्यानेच पाहिले जातात आणि चर्चा दुसऱ्या दिवशी कॉलेजात किंवा कंपनीत होते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे शनिवारचे बहुतेक सामने रात्री साडेसात-साडेआठच्या सुमारास सुरू होत असल्याने एकत्र पाहता येतात. उरलेला वाद रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर मिटतो किंवा आणखी पेटतो. मॅनेजरला हाकलावे का, ट्रान्सफर विंडोत (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या काळात) पैसा कुठे मुरला, मालकाला खेळाची चाड आहे का, हे नेहमीचे विषय.

मालकीचे वेगवेगळे नमुने या चर्चेत आधाराला येतात. जर्मनीत सर्वसाधारणपणे क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मताधिकार राहावा लागतो. बार्सिलोनाचा अध्यक्ष सभासद मतदानाने निवडतात. उलट मँचेस्टर युनायटेड २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाच्या ताब्यात गेला, तेव्हा नाराज पाठीराख्यांनी त्याच वर्षी स्वतःचा वेगळा क्लब काढला. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा बड्या क्लबांनी जाहीर केलेल्या स्वतःच्या वेगळ्या सुपर लीगमधून इंग्लंडचे सहाही क्लब पाठीराख्यांच्या संतापानंतर दोन-तीन दिवसांत बाहेर पडले.

जवळचे उदाहरण पुण्याचे. एफसी पुणे सिटी २०१४ पासून आयएसएलमध्ये होता. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या क्लबने घेतली. पाठीराख्यांना कोणी विचारले नाही. क्लब म्हणजे केवळ मालकाची मालमत्ता नव्हे, हे मत येथे आग्रहाने मांडले जाते त्यामागे ही घटना आहे, आणि ते मत योग्यच आहे. त्याच वर्षी आयएसएलमधील मुंबई सिटी या क्लबचे ६५ टक्के भागभांडवल मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने घेतले. मुंबई सिटीचा सामना प्रत्यक्ष पाहायचा तर नाशिककराला अंधेरी गाठावी लागते. साडेसातचा सामना संपण्याच्या कितीतरी आधी परतीची पंचवटी एक्सप्रेस सुटलेली असते, मग रात्री कसारा घाट चढून घरी यायचे. २०१८ मध्ये भारताचे तत्कालीन कर्णधार सुनील छेत्री यांनी, शिव्या घालायच्या असतील तर घाला, पण स्टेडियममध्ये या, अशा आशयाचे आवाहन केले होते, तेही याच अंधेरीच्या मैदानावरील सामन्याआधी.

कारभार आणि वर्तन हे दोन्ही प्रश्न एकत्र आले ते ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरमध्ये. आयएसएलच्या सामन्यात जादा वेळेत बंगळूरकडून खेळणाऱ्या छेत्री यांनी केरळ ब्लास्टर्सचा बचाव सज्ज होण्याआधीच फ्री किक घेऊन गोल केला. रेफरीने तो मान्य करताच ब्लास्टर्सचे प्रशिक्षक वुकोमानोविच संघाला घेऊन मैदानाबाहेर गेले. भारतीय फुटबॉल महासंघाने ब्लास्टर्सला चार कोटी रुपये दंड केला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली. झटपट फ्री किकला रेफरीने शिट्टी वाजवलीच पाहिजे असे नाही. रेफरीने स्वतः खेळ थांबवून बचावपटूंची भिंत मागे हटवायला घेतली असेल तर मात्र ती आवश्यक ठरते. वादाचा मुद्दा एवढाच होता. मैदान सोडण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

शालेय व स्थानिक सामने : सुब्रतो चषक या शालेय स्पर्धेचा मार्ग जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी जातो. या सामन्यांत पाठीराखे म्हणजे बहुतांशी पालक, आजी-माजी खेळाडू व वर्गमित्र. संघनिवड, वशिला आणि वयाचा दाखला हे येथील कारभाराचे प्रश्न. कडेच्या रेषेवरून चौदा वर्षांच्या मुलाला दिल्या जाणाऱ्या शिव्या हा वर्तनाचा प्रश्न, आणि तो खेळाडूंपेक्षा मोठ्या माणसांचा अधिक आहे. २०१९ पासून प्रशिक्षक व संघाच्या इतर पदाधिकाऱ्यांनाही कार्ड दाखवता येते. बाकावरच्या दोषीची ओळख पटली नाही, तर तेथील ज्येष्ठ प्रशिक्षकाला ते घ्यावे लागते. प्रेक्षकाला कार्ड नाही. बाहेरून व्यत्यय आल्यास रेफरी सामना थांबवू शकतो, तहकूब करू शकतो किंवा सोडून देऊ शकतो. व्यवहारात तो दोन्ही संघांच्या सरांना बोलावून आपापल्या पालकांना मागे घ्यायला सांगतो.