वायुसंपीडक (घरगुती गॅरेजमधील)

वातावरणातील हवा आत ओढून, तिचे आकारमान घटवून ती वाढीव दाबाने टाकीत साठविणाऱ्या यंत्रास वायुसंपीडक म्हणतात. व्यवहारात ‘कॉम्प्रेसर’ हेच नाव रूढ आहे. घरालगतच्या गॅरेजमध्ये टायरमध्ये हवा भरणे, धूळ उडविणे, नट सोडविण्याची हत्यारे चालविणे व रंगाचा फवारा मारणे यांसाठी तो वापरतात. तेथे बहुधा दट्ट्याचा (पिस्टनचा), एकटप्पी, १ ते ३ अश्वशक्तीचा व ७ ते ८ बार (सु. १०० ते ११५ पीएसआय) दाबाचा संच आढळतो.

इतिहास : दट्ट्या व झडप यांच्या साहाय्याने हवा दाबण्याची कल्पना इ. स. पू. तिसऱ्या शतकातील ॲलेक्झांड्रियाच्या टेसिबिअस याच्याकडे नेण्याचा प्रघात आहे. परंतु त्याचे स्वतःचे लेखन उपलब्ध नसून व्हिट्रूव्हिअससारख्या उत्तरकालीन लेखकांवरच विसंबावे लागते. जर्मन शास्त्रज्ञ ओटो फोन गेरिके याचा सतराव्या शतकाच्या मध्यास तयार झालेला पंप हा काही ग्रंथांत आद्य संपीडक म्हणून येतो. तो मुळात पात्रातील हवा काढून घेण्यासाठी होता, म्हणून त्यास निर्वात पंप म्हणणेच सयुक्तिक होय. लोखंडाच्या भट्ट्यांना झोत पुरविणाऱ्या सिलिंडरांचे श्रेय कोणी इंग्रज अभियंता जॉन स्मीटन (१७६० नंतरचे दशक) यास, तर कोणी इंग्रज लोह-उद्योजक जॉन विल्किन्सन (१७७६) यास देतात. स्मीटनची यंत्रे पाणचक्कीवर चालत, विल्किन्सनने वाफेचे इंजिन जोडले. त्यामुळे हा वाद बराचसा व्याख्येचा आहे. शिवाय दोघांच्या यंत्रांतील दाब आजच्या मानाने अल्प होता व हवा साठवून दूरवर हत्यारे चालविण्याचा हेतू त्यांत नव्हता. त्या अर्थाने आजच्या संचाचा खरा पूर्वज आल्प्समधील सु. १३ किमी. लांबीच्या फ्रेझ्यूस बोगद्याच्या कामात (१८५७–७१) सापडतो. तेथे १८६१ पासून अभियंता झेर्मां सोमेयेच्या योजनेनुसार संपीडित हवेवर खडक छेदणारी यंत्रे चालविली गेली. जॉन बॉइड डनलॉप याच्या हवेच्या टायरनंतर (१८८८) वाहनधारकास हवेची नित्य गरज भासू लागली आणि विद्युत् मोटर आवाक्यात आल्यावर छोटे संच प्रचारात आले. महाराष्ट्रात पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक (स्थापना १९५८) ही या क्षेत्रातील जुनी कंपनी असली, तरी तिचा भर मोठ्या औद्योगिक यंत्रांवर राहिला आहे.

क्षमता व निवड : विक्रीच्या पत्रकात अश्वशक्ती व टाकीचे लिटर ठळक असतात, निवड मात्र प्रत्यक्ष मुक्त वायुपुरवठ्यावर, म्हणजे दर मिनिटास बाहेर पडणारी हवा वातावरणीय स्थितीत मोजली असता किती भरते, त्यावर करावी. दट्ट्याने कापलेले घनफळ त्याहून नेहमीच जास्त असते. दट्ट्या वरच्या टोकास पोहोचल्यावर उरलेल्या फटीतील दाबलेली हवा परतीच्या धावेत प्रथम प्रसरण पावते व तेवढी नवी हवा आत येत नाही. दाब वाढेल तसा हा तोटा वाढतो. म्हणून ज्या आकड्यापुढे दाब नमूद नाही तो गृहीत धरू नये. पडताळ्यासाठी उष्मागतिकीचा आधार घेता येतो. बाहेर उष्णता न जाता, एका टप्प्यात ७ बार मापकदाबापर्यंत (वातावरणाच्या दाबाहून ७ बार अधिक) हवा दाबावयाची झाल्यास १ अश्वशक्तीतून आदर्श अवस्थेतही मिनिटास सु. ५·६ घन फूटच हवा मिळते. घर्षण व गळती वजा जाता प्रत्यक्षात ३ ते ४ घन फूट (सु. ८५ ते ११५ लि.) हाती लागतात. याहून फार मोठा दावा करणारे पत्रक एकतर कापलेले घनफळ सांगते किंवा मोटरची क्षणिक कमाल शक्ती.

टाकी हवा निर्माण करीत नाही, केवळ खंड भरून काढते. ५० लि. टाकीतील दाब ८ वरून ६ बारवर उतरला, तर सु. १०० लि. मुक्त हवा मिळते. मोटारीच्या टायरमध्ये ७-८ पीएसआय भर घालण्यास १५ ते २० लि. पुरतात, त्यामुळे या कामास लहानात लहान संचही चालतो. रंगाच्या फवाऱ्यास मात्र अखंड पुरवठा लागतो व तेथे लहान पंपास मोठी टाकी जोडून भागत नाही.

तेलविरहित, मोटरला थेट जोडलेले संच हलके व कमी देखभालीचे असतात, परंतु दोन ध्रुवांच्या मोटरवर ते मिनिटास सु. २,८०० फेरे घेतात, आवाज करतात व लवकर झिजतात. पट्ट्याने चालणारा तेलयुक्त पंप हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी फेऱ्यांत काम करतो. जागा असल्यास तोच अधिक टिकाऊ ठरतो. सोसायटीच्या तळमजल्यावर, जेथे शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो, तेथे कमी वेगाच्या तेलविरहित संचाची निवड समर्थनीय आहे. २ अश्वशक्तीपर्यंतचा संच २३० व्होल्टच्या एककला (सिंगल फेज) पुरवठ्यावर चालतो. त्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉवर प्लग असावा. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेत असल्याने बारीक तारेच्या लांब एक्स्टेंशनवर व्होल्टता पडते व मोटर गुणगुणत राहून तापते. अशा वेळी तार न वाढविता हवेची नळी वाढवावी.

बाष्प : देखभालीचा हा गाभा होय. ३०° से. तापमानाच्या संपृक्त (आणखी बाष्प न सामावणाऱ्या) हवेत दर घन मीटरमागे सु. ३० ग्रॅ. बाष्प असते, पावसाळ्यात ८५ टक्के आर्द्रता धरली, तर ते सु. २६ ग्रॅ. भरते. हीच हवा ७ बार मापकदाबाला दाबून पुन्हा ३०° से. पर्यंत निवविली म्हणजे तिचे आकारमान अष्टमांश होते व तिच्यात जेमतेम ४ ग्रॅ. बाष्प राहू शकते. उरलेले सु. २२ ग्रॅ. पाणी टाकीच्या तळाशी जमते. मिनिटास १७० लि. हवा देणारा संच कोकणात तासभर अखंड चालला, तर पेलाभर पाणी साचते. हे पाणी टाकी आतून गंजविते, हत्यारांतील तेल धुऊन काढते व रंगात फोड आणते. म्हणून प्रत्येक वापरानंतर, थोडा दाब शिल्लक असतानाच, तळाचा ड्रेन कॉक उघडावा. पाणी वेगळे करणारा गाळक पंपाला चिकटून बसविण्याची चूक सर्रास होते. तेथे हवा उष्ण असल्याने पाणी बाष्परूपातच गाळकातून निसटते; काही मीटर नळीतून हवा निवल्यानंतर तो जोडल्यास उपयोगी पडतो.

तेल व इतर देखभाल : मोटारीच्या इंजिनाचे तेल पंपात चालते किंवा नाही याविषयी मतभेद आहेत. पंक्चरच्या अनेक दुकानांत २०डब्ल्यू-४० तेलावर जुने पंप वर्षानुवर्षे चालतात, हे खरे. तथापि त्यातील मलनिस्सारक (डिटर्जंट) द्रव्ये पाणी तेलात धरून ठेवतात व तापलेल्या निकास झडपेवर राखेचा थर साचण्यास हातभार लावतात, असा आक्षेप आहे. निर्मात्याने वेगळे सांगितले नसल्यास आपल्याकडील उष्ण हवामानात आयएसओ व्हीजी १०० या दाटपणाच्या श्रेणीचे संपीडक-तेल वापरणे श्रेयस्कर. पहिले तेल लवकर बदलावे, कारण नव्या भागांची धातूची कीस त्यात उतरते. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे.

पंपाची प्रकृती जाणण्याची सोपी खूण म्हणजे दाब ५ वरून ७ बारवर नेण्यास लागणारा वेळ. संच नवा असतानाच तो नोंदवून ठेवावा. पुढे तो वाढत गेल्यास शोषण गाळक, झडपा व रिंगा या क्रमाने तपासाव्यात. मोटर थांबल्यावर दाब-स्विचपाशी (ठरावीक दाबाला मोटर आपोआप बंद-चालू करणाऱ्या स्विचपाशी) क्षणभर फुस्स असा आवाज होणे स्वाभाविक असते. तो थांबलाच नाही, तर टाकीच्या तोंडाची एकदिशा झडप गळत असते. याउलट तो आवाज मुळीच होत नसेल, तर दट्ट्यावरील दाब मोकळा होत नाही व पुढच्या वेळी मोटर उचल घेत नाही.

सुरक्षितता : सुरक्षा झडपेची कडी अधूनमधून ओढून ती अडकली नाही ना हे पाहावे, तिचा दाब वाढवून घेऊ नये. पाण्याच्या पीव्हीसी नळ्या हवेसाठी वापरू नयेत, कारण त्या फुटताना त्यांचे तुकडे दूरवर उडतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ मध्ये दाबयुक्त संयंत्राच्या सुरक्षिततेची तरतूद होती, परंतु तो कायदा कारखान्यांपुरता होता; घरगुती टाकीची जबाबदारी मालकावरच येते. टाकीची दाब-चाचणी हवेने न घेता ती पाण्याने पूर्ण भरून घ्यावी. पाणी फारसे दाबले जात नसल्याने टाकी फाटली, तरी स्फोट होत नाही. तळाशी सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसल्यास भोवतालचा पत्राही आतून पातळ झालेला असतो, म्हणून ते वेल्डिंगने बुजवू नये. टाकी मोडीत काढावी, पंप व मोटर मात्र नव्या टाकीवर बसविता येतात.